बैलाचं इंग्रजी

रहाटाचा बैल मुकाट्याने चालत नाही. मागच्या आडव्या लाकडावर बसून कुणीतरी सारखं बोलत राहावं लागतं. बोलणं थांबलं की बैल थांबतो, विहिरीतून वर येणारी गाडगी लटकत राहतात आणि तिकडे सुपारीच्या आळ्यांत कुदळीने पाणी वळवणारे अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडतात, "झोपलास काय रे?" आमच्या रेवदंड्याच्या वाड्यांत शिंपणाच्या वेळी कुणी बैलाला रामरक्षा ऐकवी, कुणी भाऊबंदांच्या नावाने शिव्या. मला दोन्ही जमेना. मी नुकताच बी.ए. होऊन गावच्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो होतो आणि त्या गोल गोल फिरण्याचा मला मनस्वी तिटकारा होता. म्हणून मी बैलाला इंग्रजी पुस्तक वाचून दाखवू लागलो.

पुस्तक होतं मागच्या शतकातल्या एका अमेरिकन कादंबरीकाराचं चरित्र. मुंबईच्या मामेभावाने फुटपाथवरून उचललेलं, पाठ फाटलेलं. बापाचा धंदा बुडाला, बाप गेला, तसा हा पोरगा खलाशी झाला. देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढला, कुठल्याशा बेटावर जहाज सोडून पळाला आणि परत येऊन त्यावर कादंबऱ्या लिहून बसला. त्याच्या कादंबऱ्यांतली माणसंही तशीच. घरात बूड टेकायचं नाही आणि एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की स्वतःचं वाटोळं होईस्तोवर लागायची. वाचता वाचता माझं डोकं फिरे. समुद्राची गाज आमच्या कुंपणाशी, पण घराण्यात कुणी गुडघाभर पाण्यापलीकडे गेलेलं नाही. समुद्राचा आम्हाला उपयोग काय, तर नारळांना मासळीचं खत.

रविवारी मी खाडी ओलांडून, मुरूडवरून थेट आगरदांड्याला जायचो. तिथून तरीने, म्हणजे माणसं पोचवणाऱ्या होडीने, पलीकडे दिघीला उतरायचं, एक चहा प्यायचा आणि त्याच तरीने परत यायचं. दिघीत माझं काडीचं काम नसायचं. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय तुझ्या." लागलीच होती.

मग एका उन्हाळ्यात मामेभाव निरोप घेऊन आला. आफ्रिकेला निघालेल्या मालवाहू बोटीवर कारकुनाची जागा होती आणि चार दिवसांत मुंबई गाठायला हवी होती. अण्णांनी निरोप ऐकला आणि ते कुदळ घेऊन आळ्यांकडे गेले. जाऊ नको म्हणाले असते तर कडाडून भांडता तरी आलं असतं.

अडचण शिंपणाची होती. गडी सगळे मुंबईच्या गिरण्यांत गेलेले. ऐन उन्हाळ्यात पाणी चुकलं तर सुपाऱ्या माना टाकणार, आणि त्या आजोबांनी लावलेल्या. आई म्हणाली, "पाणी मी वळवीन. तुम्ही रहाटावर बसा." अण्णा बसले. हो हो म्हणाले, रामरक्षा म्हणाले, शेवटी शेपटी पिरगाळली. बैल ढिम्म. त्याच्या कानांना दुसरंच वळण लागलेलं होतं.

"बाटवलास तू त्याला," अण्णा म्हणाले आणि उतरून निघून गेले.

मला हसू येईना की रडू. मी आयुष्यभर ह्या विहिरीभोवती फिरणार, असं मनाशी ठरवून टाकलं आणि भरलेली ट्रंक रागारागाने रिकामी केली. आईवर उगाचच डाफरलो. मामेभावाला सांगितलं, दुसरा बघ.

निघायच्या दिवशी सकाळी जाग आली ती रहाटाच्या कुरकुरीने. मागल्या दारी गेलो. अण्णा लाकडावर बसले होते. चष्मा नाकावर, पुस्तक हातभर लांब धरलेलं. इंग्रजी तिसरीत त्यांची शाळा सुटली होती. एकेक अक्षर जुळवत, अडखळत, उच्चारांचं पार भजं करत ते मोठ्याने वाचत होते आणि बैल चालत होता. पलीकडे आई कासोटा घालून पाण्यात उभी होती.

"अण्णा, मी जात नाहीये."

त्यांनी मान वर केली नाही. "पुस्तक राहू दे इथं. बैलाला लागतं. ट्रंक भर, लाँच चुकेल."

मी ट्रंकेवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो आणि गेलो.

पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा अण्णा रहाटावरच होते. वाचणं बरंच सुधारलेलं.

"पुढचं वाचलंस का तुझ्या त्या खलाशाचं?"

"नाही. अर्ध्यावरच राहिलं."

"लोकांनी त्याची पुस्तकं घेणं सोडलं. मग बंदरावर जकातीच्या नोकरीला लागला. वर्षानुवर्षं तोच धक्का, दुसऱ्यांची जहाजं तपासायची. तरी घरी येऊन लिहीतच होता. मेला तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात नव्हता." ते थांबले तसा बैलही थांबला. "हे वाचलं तेव्हा वाटलं, तुला बोलावून घ्यावं. मग म्हटलं, नको. त्याला धक्क्यावर उभं राहून आठवायला काहीतरी होतं."

मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी जावंसं वाटलं होतं?"

"न वाटायला काय झालं? शाळा काय उगाच सुटली माझी? भाऊच्या धक्क्यापर्यंत पळालो होतो. तुझ्या आजोबांनी कानाला धरून परत आणलं." त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "रहाटावर बसायला दुसरं कुणी नव्हतं."