धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात दोन सुपडू

हे बघा, चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, पण मधेच कुणी हसलं तर उठून जाईन! त्या संध्याकाळचं नाव काढलं तरी माझं डोकं अजून तापतं.

ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. मी, दिलीप आणि वसंता, तिघे दोस्त पारोळ्याहून एसटीनं धुळ्याला गेलो. कशाला? तर ऑर्केस्ट्रा बघायला! मी मुद्दाम नवा सफारी शिवलेला. मुक्कामाच्या लॉजच्या दारात टोपी-पट्टा लावलेला, झुपकेदार मिशांचा एक माणूस उभा. मला वाटलं, फौजदार! कमरेत वाकून नमस्कार घातला. निघाला लॉजचा दरवान!

दिलीप आणि वसंता तिथंच पायरीवर बसून हसले.

"हे कुणाला सांगितलंत तर याद राखा!" मी दम दिला.

सहाला ऑर्केस्ट्रा सुरू. दोन गाणी झाली आणि एक किडमिडीत नकलाकार माइकवर आला. म्हणतो कसा, "आमचा सुपडू पहिल्यांदा धुळ्याला आला. लॉजच्या दरवानाला फौजदार समजला, आणि हा असा वाकला!"

आता माझं नाव काय? सुपडू!

सगळा मंडप हसतोय आणि माझ्या कानातून वाफा.

"दिल्या, तूच सांगितलंस ना त्याला?"

"अरे, मी तुझ्याच बाजूला बसलोय की!"

"मग वसंता, तू!"

वसंताला हसण्यापायी बोलताच येईना. झालं, माझी खात्रीच पटली.

खुर्च्या ओलांडत मी थेट स्टेजवर! माइक हिसकावला. राग आला की माझी शाळेतली मराठी पळते, तोंडात नुसती अहिराणी.

"ओ भाऊ! सुपडू म्हणजे मी शे! मन्ही नक्कल करस का?"

टाळ्या! शिट्ट्या! लोकांना वाटलं, हा नकलेचाच भाग.

"हसू नका! बठ्ठं खोटं शे! सगळं खोटं!"

आणखी हशा. संतापून मी पाय आपटला, तर मागून ढोलकीवाल्यानं ठेका दिला. पुन्हा आपटला, पुन्हा ठेका! सांगा, माणसानं चिडायचं तरी कसं?

शेवटी नकलाकारानं मला पडद्यामागे ओढलं आणि हात जोडले. "भाऊ, मन्हं नाव सुपडू शे! पहिल्यांदा धुळ्याला आलो, तेव्हा तो नमस्कार मीच केला होता. त्या दरवानाला येणारा प्रत्येक नवा माणूस नमस्कार करतो!"

म्हणजे दिल्या आणि वसंता दोघेही निर्दोष! पण राग? तो काढायचा कुणावर? तेवढ्यात ऑर्केस्ट्राचा मालक धावत आला.

"परवा पाचोऱ्याला कार्यक्रम आहे, भाऊ. तिथं असंच चिडायला जमेल का?"

असा भडकलो म्हणून सांगू! त्याच्या अंगावर धावून गेलो आणि सगळा जीव गोळा करून ओरडलो,

"किती वाजता?"