घरात खंडित काही नको

आमच्या घरात देवाचं सगळं मीच करते. म्हणजे देवाच्या वस्तूंचं. उंबऱ्यावर ठोकलेली घोड्याची नाल शनिवारी तेलाच्या बोटानं पुसायची. बैठकीत काचेच्या वाडग्यात धातूचं कासव आहे, त्याचं पाणी बदलायचं आणि त्याचं तोंड उत्तरेकडेच आहे ना ते बघायचं, कारण फरशी पुसताना ते हटकून फिरतं. तिजोरीवरच्या यंत्राला कुंकू, दाराच्या लिंबू-मिरचीला नवा दोरा, गल्ल्यातल्या हळकुंडाला ऊन. माझ्या अडचणीच्या चार दिवसांत यातल्या कशाला शिवायचं आणि कशाला नाही, हे आता मलाही नीट आठवत नाही. आठवेल तसं करते.

चौसाळ्यात हायवेला आमचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. समोर दुसऱ्यानं तसंच दुकान टाकलं, तेव्हा आमच्या पाटीखाली जीभ काढलेला काळा मुखवटा आला. माझी कंबर धरली, तेव्हा तांब्याचं कडं आलं. मुलगा बारावीला होता, तेव्हा कुणीतरी मंतरून दिलेला पेन आला. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तरी तो पेन अजून देव्हाऱ्यात आहे, आणि मी तो पुसते. घरात आलेली अशी वस्तू परत कधी जात नाही. बाहेर टाकायची तर तिचेही नियम असतात आणि ते विचारायला पुन्हा फोन करावा लागतो.

आणणारे आमचे हे. माणूस वाईट नाही. कुणाला कमी तोलणार नाहीत की कुणाशी वाकडं बोलणार नाहीत. पण भीती वाटली की ह्यांना हातात काहीतरी लागतं. देवापुढे दोन मिनिटं बसून मनातलं बोलतील म्हणाल, तर ते नाही. लातूरकडचा एक वास्तूवाला फोनवर सांगतो आणि हे आणतात. आणतात हे, सांभाळते मी. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली आणि मला कधी कधी वाटतं, मी सून म्हणून आलेच नाही, पुजारी म्हणून आले. तेही बिनपगारी.

या सगळ्यात माझ्या सासऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना मी मामा म्हणते. दुकान त्यांनीच उभं केलं, पण त्यांच्या वेळी गल्ल्यात फक्त पैसे असायचे. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच आमचे गुरू, म्हणजे स्वामी, गळ्यात इष्टलिंग बांधतात, पूजेचं लहानसं काळं लिंग. ते जन्मभर त्याच माणसाचं, मेल्यावर त्याच्याबरोबरच मातीत जातं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. मामांचं इष्टलिंग एका चांदीच्या डबीत होतं. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मामा घोंगडीवर बसायचे, डबी उघडायचे, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्यावर पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचे आणि मग नुसते बघत राहायचे. शेवटी तळहातावरचं पाणी तीर्थ म्हणून पिऊन झालं की म्हणायचे, "वाढ." पूजेआधी त्यांनी कधी घास घेतला नाही. तापात नाही, लग्नकार्यात नाही, बायकोच्या दहाव्यालाही नाही.

दोनेक वर्षांपासून मामा विसरायला लागले. आधी भाव विसरले, मग गिऱ्हाइकं, मग गावातले रस्ते. एकदा स्टँडवर जाऊन बसले, कुठं जायचंय ते सांगता येईना. मला कधी सून म्हणतात, कधी युसूफ वडगावला दिलेल्या आणि आता हयात नसलेल्या त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. दिवसभर त्यांच्या मागे मागे राहायचं, गॅस बघायचा, दाराला कडी लावायची. माझ्या जिवाला म्हणून शांतता ती फक्त त्यांच्या पूजेच्या वेळी. त्या अर्ध्या तासात मामा जागचे हलत नसत आणि पूजेतलं काही चुकतही नसे. मी ओट्याला टेकून चहा प्यायचे. खोटं कशाला बोलू, त्या पूजेतलं मला तेवढंच आवडायचं.

श्रावणात त्या इष्टलिंगावरच्या काळ्या लेपाचा टवका उडाला. मोहरीएवढा असेल. त्या लेपाला कंथी म्हणतात, आणि स्वामींना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा चढवून दिली असती. मामांना त्याचं काही नव्हतं, त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पूजेला बसले. पण ते ह्यांनी पाहिलं. मग फोन झाला. वास्तूवाल्यानं सांगितलं की खंडित वस्तू घरात असली की घरच्या मोठ्याची मती जाते. झालं. दोन वर्षं ज्याचं कारण कुठल्या डॉक्टरला नीट सांगता आलं नाही, ते ह्यांना एका मिनिटात सापडलं.

मला काहीच बोलले नाहीत. सोमवारी दुपारी मामा झोपले असताना त्यांच्या गळ्यातली डबी काढली, गाडी काढली आणि कपिलधारला गेले. धबधब्याखालच्या वाहत्या पाण्यात बापाचं इष्टलिंग सोडून दिलं. तिथल्या देवळाबाहेरच्या दुकानातून नवं घेतलं, डबीत घातलं आणि मामा उठायच्या आत डबी पुन्हा त्यांच्या गळ्यात बांधली. संध्याकाळी हे बरेच खूश होते. माझ्याकडून मागून घेऊन दोनदा चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मामांनी डबी उघडली आणि हातावर घेतलेलं पुन्हा आत ठेवलं. पुन्हा काढलं. नाकाशी नेलं. मग मला हाक मारली आणि डबी पुढे केली.

"हे माझं न्हाई. कुणाचं तरी हाय. ज्याचं हाय त्याला दिऊन टाका, त्यो उपाशी बसला असंल."

मला वाटलं, विसरण्यातलाच प्रकार असेल. मी समजूत घातली. त्यांचंच आहे म्हणाले, नुसतं धुऊन स्वच्छ केलंय म्हणाले. मामा ऐकून घ्यायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे, त्याला दिलं का म्हणून. दुपारी ताट नेलं, त्यांनी बाजूला सरकवलं. पूजा झाली नाही म्हणाले. रात्रीही तेच. ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, त्याला आज पूजा झाली नाही एवढं मात्र दिवसभर आठवत होतं.

त्यांना साखर आहे. उपाशीपोटी गोळ्या देता येत नाहीत. बीडच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, घेऊन या, सलाईन लावू. मामांना सलाईन म्हणजे काय ते माहीत होतं. मागच्या खेपेला त्यांनी सुई उपटून काढली होती आणि चादर रक्तानं भरली होती. नाही नेलं. पाणी घोट घोट घेत होते, तेवढ्यावर चाललं होतं. पुढच्या दिवशी त्यांना उठून बसवायला दोघं लागलो. हात हलका लागत होता, नुसतीच बाही धरल्यासारखा.

त्या दिवशी हे सकाळीच कुठंतरी गेले आणि अंधार पडताना आले. विजार गुडघ्यापर्यंत ओली, एका पायाला खरचटलेलं. रुमालात काहीतरी बांधून आणलं होतं. ओट्यावर रुमाल सोडला तर आत काळे खडे. ओढ्यातून वेचलेले, पंधरावीस असतील. मी विचारलं, हे काय. तेव्हा ह्यांनी सगळं सांगितलं. खाली बघत सांगितलं, आणि मध्येच एक एक खडा उचलून उजेडात धरून बघत होते.

मला ओरडायचं होतं. पण ओरडायलाही अंगात काहीतरी लागतं. मी चिमणीचं बटण बंद केलं आणि तिथंच उभी राहिले. ह्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम सांभाळायची माझी ताकद नव्हती. बाप हातातून चाललाय म्हणून घाबरलेला माणूस, आणि त्यानं नेमकी बापाची पूजाच पाण्यात सोडली. पाहिलं तर त्यातला एक खडा मलाही क्षणभर तसाच वाटला. सगळे खडे मी तुळशीत टाकले.

स्वामींना बोलावलं. आमच्या घरचे जुने स्वामी, वय झालेलं, मोटारसायकलवर मागे बसून आले. त्यांनी ह्यांना फार बोल लावला नाही. नव्या इष्टलिंगाचा विधी केला आणि आपल्या हातानं मामांच्या तळहातावर ठेवायला गेले. मामांनी स्वामींना वाकून नमस्कार केला, आदरानं विचारपूस केली, आणि मूठ मिटून घेतली. दुसऱ्याचं मला देऊ नका म्हणाले. स्वामी बाहेर आल्यावर म्हणाले, ज्याला ते आपलं वाटत नाही त्याच्या गळ्यात ते जबरदस्तीनं बांधता येत नाही. थोडं थांबा म्हणाले. थांबायला वेळ कुठं होता? पण त्यांना तरी काय म्हणणार.

रात्री हे पुन्हा फोन घेऊन अंगणात गेले. आत आले ते सांगत, की एक रुद्राक्षाची माळ आहे, उद्या कुरियरनं निघेल.

"आता या घरात एकबी वस्तू आणू नका," मी म्हणाले. "आणलीत तर मी पुसणार न्हाई. मी कायच पुसणार न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. इतक्या वर्षांत मी असं पहिल्यांदा बोलले होते. बोलल्यावर बरं वगैरे काही वाटलं नाही. कासवाचं पाणी तेवढं बदललं नाही.

सकाळी ह्यांनी मामांना धरून अंघोळ घातली. मी विभूती लावली, घोंगडीवर बसवलं, पाठीला उशी दिली. मामांचा हात सवयीनं गळ्याशी गेला, तिथं डबी नव्हती, हात तिथंच राहिला. मला ते बघवेना. मी काही ठरवून केलं नाही. अक्कल चालत नव्हती आणि शेवटी डॉक्टरकडे न्यायचं ठरवून ह्यांनी गाडी दारात आणून ठेवली होती. मी त्यांचा डावा हात धरला आणि उलगडून मांडीवर ठेवला.

"मामा, पूजा करा."

"कशाची करू?" ते म्हणाले. "हातात कायबी न्हाई."

"नसू द्या. रोजच्यासारखं बसा."

मी रिकाम्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं. चिमूटभर विभूती टाकली, बेलाचं पान ठेवलं. मला स्वतःला ते खुळ्यासारखं वाटत होतं. मामांनी पान जरा बाजूला सरकवलं, त्याचा देठ आपल्याकडे केला. मग बघायला लागले. किती वेळ गेला माहीत नाही. ओठ हलत होते. दारात हे उभे होते, हातात गाडीची किल्ली. मामांच्या तळहातावरचं पाणी जराही सांडलं नाही. मग त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि पाणी पिऊन टाकलं.

मी पळतच आत गेले. दुधात भाकरी कुस्करून ठेवलेली होती, ती आणली, चमचा हातात दिला. मामांनी चमचा ताटात ठेवला.

"तुझी झाली का पूजा?"

"माझी नंतर करीन, मामा. तुमी जेवा."

"तुझं कुठं हाय?"

माझंही आहे. आईबापानं स्वामींकडून बांधून घेतलेलं. लग्नानंतर मंगळसूत्रात गुंतायला लागलं म्हणून काढलं, ते कपाटात पावडरच्या डब्यात आहे. देव्हाऱ्यातल्या मंतरलेल्या पेनाला मी रोज फडकं मारते आणि माझ्या इष्टलिंगाला कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. मी म्हणाले, कपाटात.

"मग हात तरी मांड. तू न्हाई बसलीस तर मी कसा जेवू?"

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं, म्हणजे स्वतःपासून दूर. ते जेवणार नाहीत हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मी समोर जमिनीवर बसले आणि डावा हात उघडला. मामांनी तीर्थानं ओलं राहिलेलं बोट माझ्या तळहाताला लावलं आणि वाट बघायला लागले.

मला काही येईना. मंत्र येतो, तो तोंडपाठ आहे. पण त्याच्यापुढं काय म्हणायचं असतं? एवढी वर्षं देवाच्या घरचं सगळं झाडूनपुसून केलं आणि त्याला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तळहातावर हळदीचे डाग, भांड्याच्या साबणानं फुटलेली कातडी. मी तेच बघत बसले. काही मागावं असंही वाटेना. मामांना बरं कर म्हणावं, तर ते बरे होणार नाहीत हे मला माहीत होतं. मग जे होतं तेच बाहेर आलं.

"दमले मी," मी म्हणाले.

ते मी मामांना म्हटलं नव्हतं. पण मामांनी मान हलवली, ताट पुन्हा आपल्याकडे ओढलं आणि चमचा उचलला.

"मग बस की माय जरा," ते म्हणाले आणि जेवायला लागले.