अक्काचा वाटा
कसबा बावड्याच्या रस्त्यानं जाताना नुकत्याच तोडलेल्या उसाचा ओलसर गोड वास आला, की मला दाजी आठवतात. वीसेक वर्षं झाली असतील. माझं लिव्हर निकामी झालं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते आणि प्रत्यारोपणाशिवाय मी वाचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्तगट जुळला तो गडहिंग्लजला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. ती लगेच तयार झाली, पण तिच्याबरोबर आलेले दाजी एसटीतून उतरल्यापासून गप्पच होते. स्पिरिटच्या वासानं कोंदलेल्या खोलीत डॉक्टर समजावू लागले, "निम्मं लिव्हर काढलं तरी उरलेलं वाढून काही महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढं होतं. संशोधनातनं हे सिद्ध झालंय." तेव्हा कुठं दाजींनी तोंड उघडलं, "म्हंजे खोडवाच की! ऊस तोडला तरी बुडख्यातनं परत फुटतोय." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "अगदी तसंच. पण ऑपरेशन मुंबईला करावं लागेल आणि त्यात धोका असतोच." दाजींनी मान खाली घातली. अक्का हळूच म्हणाली, "तुमी नगं म्हणला तर न्हाय देणार. पर आई-बापामागं माझं माहेर म्हंजे ह्यो एकटाच हाय वो." दाजी हातातल्या टोपीनंच डोळे पुसत म्हणाले, "मुंबईला कधी न्यायचं, तेवढं सांगा." अक्का आणि मी, दोघंही तिथून सुखरूप परत आलो. आजही माझी गोळी चुकली, की अक्का फोनवर कडाडते, "त्या लिव्हरमदी माझाबी वाटा हाय, नीट सांभाळ!" आणि मागनं दाजींचा आवाज येतो, "अगं, वरडू नगंस त्येला, हळू बोल की."