अबीच्या भिंतीवरचा स्टार्टर

मी बोअरमध्ये मोटारी सोडतो. लातूरजवळच्या मुरुडला माझं दुकान आहे. लडाखात नोकरीला असलेल्या मावसभावानं एकदा फोन केला, ‘इकडं मोटार बसवणारा माणूसच न्हाई. चार महिने ये,’ आणि मी गेलो.

ते गाव इतकं उंचावर, की पहिले दोन दिवस मी जिना भिंत धरून चढलो. बर्फ वितळून घाट उघडा असतो ते चार महिने लोक कमावतात आणि उरलेले आठ महिने त्यावर काढतात. पूर्वी जव आणि मेंढरं यांवर भागायचं. आता घराघरावर पाहुण्यांच्या खोल्यांची पाटी होती. पाहुण्यांना नळाखाली अंघोळ लागते, म्हणून बोअर आले आणि बोअरमागून मी.

मी ज्या घरी उतरलो, त्याच्या आळीच्या वरच्या अंगाला एक झरा होता. सात घरांची शेतं त्यावर भिजत. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे, आणि पाळ्या सांभाळायचं काम दर वर्षी एका घराकडे जाई. त्या वर्षी ते शेजारच्या अबीकडे होतं. अबी म्हणजे आजी. घरामागच्या वाफ्यातला पालक आणि सलगम ती बाजारात चादर अंथरून विकायची. त्यावरच ती एकटी जगत होती.

घरमालकाच्या अंगणात मी पाइपाला पाइप जोडत मोटार खाली सोडत होतो, तेव्हा ती चहाची किटली घेऊन आली. तिची हिंदी मोडकी, माझीही तशीच.

“कुठला तू?”

“लातूरकडचा.”

मालक हसला. “अबी, यांच्याकडं पाणीच नाही. पाण्याचं काय ते याला विचार, याला सगळं कळतं.”

ती हसली नाही. “यानं आमचा झरा आटेल का रे?”

“नाही अबी,” मी म्हणालो. “हे खोलातलं पाणी. तुमचं वरचं. संबंध नाही.”

संबंध होता, आणि तो मला पक्का ठाऊक होता. आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर चुलत्यानं बोअर घेतला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात आमची बादली दगडावर वाजली. वडील काठावर बसून तो आवाज ऐकत राहिले होते. पण मी हो म्हटलं असतं तर काम तिथंच थांबलं असतं, आणि आळीतली आणखी दोन घरं माझी वाट बघत होती. त्या उन्हाळ्यात मी तिथं तीन मोटारी सोडल्या.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा झरा करंगळीएवढा झाला होता. जव गुडघ्यालाही न येता पिवळं पडलेलं. अबीच्या घरात बाजाराची चादर घडी घालून ठेवलेली होती. “या वर्षी पालक नाही,” एवढंच ती म्हणाली.

मी बायकोला फोन लावला. ती हिमायतनगरकडची, बोलणं रोखठोक. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मला कशाला सांगून राहिले? ती म्हातारी भिंतीपल्याड हाय ना? तिला सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळ्या ठरवायला सातही घरं झऱ्यापाशी जमली. तिथं मी सांगितलं, की मी तेव्हा खोटं बोललो. झरा या बोअरांनीच ओढला, आणि ओढणार हे मला माहीत होतं.

मालक भडकला. “दोन वर्षं गप्प होतास. ऐन सीझनात कंठ फुटला?”

“हो. आता फुटला.”

अबी खाली बघत म्हणाली, “मला तेव्हाच शंका आली होती. आधीचे दोन कप यानं झटक्यात संपवले. मी विचारलं, आणि तिसरा तसाच राहिला.”

“मग तू का नाही बोललीस?” मालकानं विचारलं.

“तुझ्या घरी पाहुणे यायला लागले होते. वाटलं, सगळ्यांना पुरेल.”

मी म्हणालो, “बोअरलाही पाळी लावा. स्टार्टर घरातून काढून अबीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवतो, कुलपात. पाळ्या ज्या घराकडं, किल्ली त्या घराकडं. सकाळी एक टाकी भरायची, बस्स.”

“आणि पाहुण्यांनी अंघोळ कशी करायची?”

“बादलीनं. आमच्याकडं एका बादलीत अंघोळ करून माणूस नवरदेव होतो.”

बाकीचे हसले. मालक म्हणाला, “आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मोटार मी सोडली, मीच वर काढतो. आत्ता.”

त्यानं उताराकडं बघितलं. खाली त्याचंही शेत होतं आणि तेही पिवळंच होतं. शेवटी म्हणाला, “केबल तू आणायची.”

मी आणली. स्टार्टर बसवून झाल्यावर अबीनं विचारलं, “बंद कुठलं?” मी लाल बटण दाखवलं. मोटार बंदच होती, तरी तिनं ते दोनदा दाबून बघितलं.

बोअर असलेलं दुसरं घर आठवड्यानं तयार झालं. तिसऱ्यानं मला दारातूनच परत पाठवलं.

मुरुडला आता मी मोटार सोडण्याआधी शेजाऱ्याच्या विहिरीवर जातो आणि बोअर घेणाऱ्यालाही सोबत नेतो. काय होणार ते दोघांसमोर सांगतो. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या मेकॅनिककडं गेली. जाऊ देत.

झरा गेल्या उन्हाळ्यात अंगठ्याएवढा होता. अबीनं पालकाचे दोनच वाफे केले. वरच्या बाजूचं ते तिसरं घर अजून मोकळं पाणी उपसतंय, तोवर झरा याहून वाढणार नाही.

घाट उघडला की मी निघणार आहे. त्या घराच्या दारात बसेन. उठवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसेन. नवा स्टार्टर आणि केबल बॅगेत भरली आहे. त्यावर बायकोनं अबीसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवलाय. “तिखट हाय म्हणावं,” ती म्हणाली, “आन् या खेपेला चहा पुरता पिऊन उठा.”