सांगली ते व्हिएन्ना, व्हाया आयसेलिन

आम्हाला फक्त लिस्बनला जायचं होतं. जर्सी सिटीहून न्यूआर्क विमानतळ जवळ, संध्याकाळी बसलं की सकाळी पोर्तुगाल. ऊन खायचं, पाय दुखेपर्यंत चालायचं आणि परत यायचं. मग सांगलीहून सुमनमावशीचा फोन आला.

मावशीची मुलगी मुग्धा व्हिएन्नात बाळंत झाली होती. मावशीचा व्हिसा काही येत नव्हता, आणि लेकीच्या पोटात डिंकाचे लाडू गेले नाहीत म्हणून तिच्या जिवाला घोर लागला होता. कुरिअरवर तिचा विश्वास नाही. ओळखीच्या एक काकू आमच्याजवळच्या आयसेलिनला मुलाकडे येत होत्या, त्यांच्या बॅगेत तिने डबा टाकलासुद्धा होता.

"युरोपला चाललाच आहात, तर जाता जाता देऊन या गं."

माझा नवरा निखिल तिच्याही वरताण. "युरोप केवढासा आहे यार, ड्राइव्ह करू."

मी नकाशा उघडला. लिस्बन ते व्हिएन्ना विमानाने सुमारे तेवीसशे किलोमीटर, थेट फ्लाइटने साडेतीन तास. म्हणजे आपलं न्यूआर्क ते डॅलस. डॅलसला कुणी जाता जाता डबा देऊन येतं का? वैतागले मी, पण आयसेलिनहून डबा आणला आणि तिकिटं काढली.

लिस्बन सुरेख आहे. चढ दमवतात, पण प्रत्येक चढाच्या टोकाला कॉफी आणि गरम कस्टर्डचे टार्ट मिळतात, तेही आपल्या मॅनहॅटनपेक्षा फार स्वस्तात. डबा हॉटेलवर ठेवला होता. तिथली उष्णता पाहून मला लाडवांचीच काळजी.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते: व्हिएन्नाचं घड्याळ लिस्बनच्या एक तास पुढे असतं. त्यात विमानतळाची ये-जा धरली, तर साडेतीन तासांच्या फ्लाइटमध्ये अख्खा दिवस जातो. सिक्युरिटीला डबा उघडायला लावला. "माझ्या बहिणीला बाळ झालंय, तिच्यासाठी," मी इंग्रजीत सांगितलं. तिथल्या बाईंनी वास घेतला, मान हलवली आणि झाकण स्वतःच घट्ट लावून दिलं.

मुग्धाने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ होतं आणि केस विंचरलेले नव्हते. बाळ माझ्याकडे देऊन तिने उभ्या उभ्याच लाडू फोडला.

"आईचेच," ती म्हणाली. "खोबरं नेहमी जरा जास्तच भाजते."

मग ती खाली बसली आणि पोटभर रडली. निखिलने गुपचूप चहा टाकला. नंतर तिने आणखी एक लाडू खाल्ला आणि बाळाच्या बापाच्या घोरण्याच्या गोष्टी सांगून आम्हाला हसवलं. व्हिएन्नातलं मी दुसरं काहीच पाहिलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

निघताना तिने लाडू दुसऱ्या भांड्यात काढले आणि स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत बाळाचं आखूड झालेलं झबलं घडी करून ठेवलं.

आता तो डबा जर्सी सिटीत, आमच्या ओट्यावर आहे. सांगलीला जाणारं कुणी भेटतंय का, ते बघतेय. घरी पोचल्यावर मावशीला फोन केला, झबल्याचं सांगितलं. म्हटलं, धुऊन, इस्त्री करून पाठवते.

मावशीने आधी विचारलं, बाळाच्या अंगातलंच ना ते.

"धुऊ नकोस गं," मावशी म्हणाली. "झाकणही उघडू नकोस."