बांड्याचा कौल

ही गोष्ट मी बायकोलाच सांगितली नाही, मग दुसऱ्या कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. आज तुमच्यापाशी बोलतोय — बघू, कुठवर जमतं.

आमचा कुत्रा होता, बांड्या. शेपूट अर्धंच, म्हणून बांड्या. लालबागला खोली घेतली त्या साली सखूनं, माझ्या बायकोनं, त्याला गिरणीच्या फाटकापासून पदरात घालून आणला. आम्हाला मूलबाळ नाही. मग काय, तोच. गिरणी सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन बसलेला असायचा — किती वर्षं, देव जाणे.

पुढे त्याच्या मागच्या पायांतलं बळ गेलं. जबड्याला गाठ आली, फुटली, तिच्यात किडे पडले. सखू काडीनं एकेक किडा काढायची, मग बोटानं पेज तोंडात सोडायची. निम्मी बाहेर यायची. तो ओरडत नसे, नुसता थरथरायचा. बघवत नव्हतं — खरं सांगू? मी बघतच नव्हतो. काम नसलं तरी बाहेर राहायचो.

परळच्या जनावरांच्या इस्पितळात विचारून आलो. तिथला डॉक्टर म्हणाला, घेऊन ये, औषध हुंगवतो, झोपेतच जाईल. सखूला सांगितलं. तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आपण कोण ठरवणारे? देवीक कौल लावा. ती सांगात तसा करूया."

देवळात एकटाच गेलो. गुरवानं देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, ही आमची कोकणातली रीत. प्रश्न मनातच विचारायचा. विचारला — सोडवू का गे त्याला? हात नीट जोडलेही नव्हते, तोच उजवी पाकळी पडली. गुरव म्हणाला, "उजवा दिला हो आईनं."

आणि घरी येईस्तोवर माझ्या डोळ्यांपुढे एकच — त्याला उचलून परळला न्यायचं, वाटेत तो माझा हात चाटणार, आणि येताना हात रिकामे. हे करायचं कुणी? मीच ना?

सखू उंबऱ्याशी बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. "काय सांगल्यान देवीन?"

डावा, म्हणालो.

मी भ्यालो होतो, आणि नाव देवीचं लावलं. तिनं मान खाली घातली, पुन्हा काडी हातात घेतली.

त्यानंतर तो महिनाभर जगला. त्याला जगणं म्हणायचं का? रोज तोंडाशी येत होतं — सखू, उजवा होता. रोज गिळून कामावर जात होतो. तो गेला त्या संध्याकाळी तिनं कोनाड्यात देवीपुढे दिवा लावला नाही. "देवीक दया नाय," एवढंच म्हणाली. पुन्हा कधीच लावला नाही.

दुसऱ्या वर्षी गाठीच्या तापात, प्लेगात, तीही गेली. शेजारीण देवीचा अंगारा घेऊन आली, तर सखूनं तोंड फिरवलं, कपाळाला लावू दिला नाही. तेव्हाही मी बोललो नाही. माझा हात मात्र तिनं शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवला होता.