अक्कांच्या जांभळ्या रेघा

अक्का गेल्याचा निरोप हैदराबादेतल्या अंबरपेठेहून आला, त्याला महिना होऊन गेला. मी त्यांची धाकटी जाऊ. भेटायला आलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालं, "तरुणपणी त्यांना कफाचा विकार होता ना?" आणि मी मान हलवली. त्या हललेल्या मानेची लाज अजून जात नाही.

कफ नव्हताच. हैदराबाद राज्याची वाटणी चालली होती तेव्हा अक्कांच्या स्तनात सुपारीएवढी गाठ निघाली. भावोजींची नोकरी मुंबई राज्याकडे गेली, बिऱ्हाड औरंगाबादला हलायचं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन हाच खात्रीचा इलाज, पण स्तन काढावा लागेल. गाठ लहान आहे तर किरणांचा शेक देऊन बघता येईल, मात्र कितीतरी आठवडे रोज यावं लागेल आणि हमी देता येणार नाही. अक्कांनी शेक निवडला. भावोजी एकटेच पुढं गेले. नवराबायकोचं बिनसलं, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा सासूबाईंनी 'कफा'चं निमित्त पुढं केलं. खऱ्या दुखण्याचं नाव घ्यायचं म्हणजे त्या जागेचं नाव घ्यावं लागलं असतं...

मी नवी नवरी. चिक्कडपल्लीच्या घरून रिक्षाला पडदा लावून रोज त्यांच्यासोबत दवाखान्यात जायची. किरण नेमके पडावेत म्हणून डॉक्टरांनी छातीवर जांभळ्या शाईनं चौकोन आखला होता. "अम्मा, ये निशान मिटने नक्को देना. पानी नक्को, तेल नक्को," असं नर्सनं बजावलं होतं. परपुरुषापुढं उघडं बसून त्या रेघा आखून घेतल्या त्या दिवशी अक्का रिक्षात रडल्या. मी आपली पायाकडं बघत बसले.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला सासूबाई तेल-उटणं घेऊन न्हाणीत बसल्या, तर अक्का पाटावर बसेनात.

"सणाचं अंग कोरडं ठेवतीस? कुणाचं सुतक धरलंयस?"

ओसरीवर पुरुष होते. न्हाणीत आम्ही तिघीच. अक्कांनी दार लावलं आणि पदर बाजूला केला. "आई, हे बघा. तुमचा हात फिरला की पुसतील. मग मला परत तिथं तसं बसावं लागंल... तेवढं नका करू."

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. सासूबाईंनी उटण्याची वाटी बाजूला सारली. म्हणाल्या, "बरं. डोकं तरी दे माझ्याकडं." आणि त्यांच्या केसांत तेल जिरवत राहिल्या.

गाठ विरली, पुन्हा कधी आली नाही. अक्का औरंगाबादला गेल्या, भावोजींना पेन्शन लागल्यावर हैदराबादला परतल्या, म्हाताऱ्या होऊन गेल्या. त्या सकाळबद्दल आम्ही दोघी कधी चकार शब्द बोललो नाही. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखतेय. राखत होते ती माझी.

शेवटच्या आंघोळीला मी आणि त्यांची सून होतो. त्या जागची कातडी अजून काळपट होती, चौकोनी. मी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. सुनेनं तिथं हात नेला तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं नको गं, पुसंल."

"काय पुसंल, काकू?"

बाहेर ओसरीवर पुरुष बसले होते. मी तांब्या तिच्या हातात दिला.